मराठी संकेतस्थळे घडवणाऱ्या स्वतंत्र डिझायनरची साधने

वेब डिझाइनचा व्यवसाय एकट्याने करणाऱ्यांसाठी उपयुक्त साधनांच्या याद्या पुष्कळ मिळतात. परंतु त्यांपैकी बहुतेक याद्या मजकूर रोमन लिपीत असणार हे गृहीत धरून केलेल्या असतात. देवगडच्या आंबा बागायतदाराचे, पुण्यातील एखाद्या छोट्या प्रकाशकाचे किंवा परदेशातील महाराष्ट्र मंडळाचे संकेतस्थळ करायला घेतले, की त्या यादीतले एखादे नावाजलेले साधन जोडाक्षर मोडते, दुसरे वेलांटी भलत्या जागी नेऊन ठेवते आणि तिसऱ्याने निर्माण केलेला दुवा व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची माळ होऊन बसतो. म्हणून या लेखात साधनांची निवड एकाच कसोटीवर केली आहे : मराठी मजकूर त्यातून धडपणे पार पडतो का, आणि काम संपल्यावर ग्राहकाला आपल्यावाचून ते चालवता येते का.

आधी एक चाचणी-ओळ तयार करावी

नवे साधन विकत घेण्यापूर्वी, किंबहुना त्यावर खाते उघडण्यापूर्वीच, त्यात एक ठरावीक ओळ चिकटवून पाहण्याची सवय लावून घ्यावी. माझी ओळ अशी आहे : ‘आचार्यांनी आचाऱ्यांना लाल शाल दिली, ऱ्हस्व, वाङ्मय, उद्घाटन, द्वंद्व, राष्ट्र, हृदय, शृंगार, ॲप, कॉफी, ₹ १,२५०.’ अर्थाच्या दृष्टीने ती हास्यास्पद आहे. परंतु तिच्यातील प्रत्येक शब्द कशाची तरी परीक्षा घेतो. ‘आचार्यांनी’ मधला रफार आणि ‘आचाऱ्यांना’ मधला चंद्रकोरीसारखा र हे दोन वेगळे दिसले पाहिजेत, कारण मराठीत त्या फरकावर गुरुजी आणि स्वयंपाकी यांतला फरक अवलंबून आहे. ‘उद्घाटन’ मध्ये द आणि घ यांचा क्रम उलटा दिसू नये. ‘ॲप’ मधला ॲ हा युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक प्रमाणात, २००८ साली स्वतंत्र अक्षर म्हणून आला, त्यामुळे जुन्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट येते. आणि रुपयाचे चिन्ह तर २०१० चे, त्याहूनही अलीकडचे आहे.

‘लाल शाल’ हे दोन शब्द ल आणि श यांच्या वळणांसाठी आहेत. मराठीत या दोन अक्षरांचे पारंपरिक वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालाविषयक निर्णयातही ते प्रमाण मानले आहे. युनिकोडच्या लेखी मात्र हिंदीचा ल आणि मराठीचा ल ही एकच खूण. कोणते वळण दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो, आणि फॉन्टला तशी सोय दिलेली असेल तर तो ते पानाच्या भाषेवरून ठरवतो. म्हणून एचटीएमएलच्या, म्हणजे पान ज्या सांकेतिक भाषेत लिहितात तिच्या, मूळ टॅगमध्ये भाषेचा संकेत ‘एमआर’ असा लिहिणे हे काम पाच सेकंदांचे असले तरी ते वगळू नये. तयार थीम वापरणारे अनेकजण तिथे इंग्रजीचा संकेत तसाच राहू देतात. त्यामुळे ल-श चे वळण तर चुकतेच, शिवाय दृष्टिहीन वाचकाचे पडदावाचक सॉफ्टवेअर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचण्याचा प्रयत्न करते.

आरेखनाची साधने

ब्राउझरमध्ये चालणारी फिग्मा ही सेवा या क्षेत्रात जवळजवळ सर्वमान्य झाली आहे आणि एकट्या माणसाला तिची विनामूल्य योजना सुरुवातीला पुरते. ग्राहकाला दुवा पाठवला, की तो स्वतःच्या फोनवर आराखडा पाहून त्यावर शेरा लिहू शकतो, हा तिचा खरा लाभ. कारण ‘तो दुसरा रंग जरा बरा होता’ अशा दूरध्वनीवरील सूचनांपेक्षा आराखड्यावर नेमक्या जागी टोचलेला शेरा दहापट उपयोगी असतो. ज्यांना परकीय कंपनीच्या सशुल्क योजनेवर अवलंबून राहायचे नाही त्यांनी पेनपॉट पाहावे. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येते आणि त्यातील आकृत्या एसव्हीजी या खुल्या स्वरूपावर आधारलेल्या असतात. बोधचिन्हे आणि रेखाचित्रे यांसाठी इंकस्केप आणि छायाचित्रांसाठी गिम्प ही मुक्तस्रोत जोडी पुरेशी सक्षम आहे.

फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर वापरणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. या दोन्ही कार्यक्रमांच्या काही मांडण्यांमध्ये देवनागरी अक्षरे जोडणारे इंजिन मुळात चालू नसते आणि मग ‘शक्ती’ चे ‘शक्‌ती’ होते, पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे येण्याऐवजी उजवीकडे जाऊन बसते. दोष फॉन्टचा नसतो. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत प्राधान्यक्रमांतील ‘टाइप’ या भागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडावा, इलस्ट्रेटरमध्ये त्याच भागातील ‘इंडिक’ पर्याय दाखवण्याची खूण करावी. इनडिझाइनमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ आहे. शहरांतल्या फलकांवर आणि लग्नपत्रिकांवर दिसणारी फुटकी जोडाक्षरे पुष्कळदा एवढ्या एका खुणेअभावी जन्माला आलेली असतात. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस यांमध्ये हार्फबझ नावाचे मुक्तस्रोत इंजिन अक्षरे जोडण्याचे काम करते. म्हणून शंका आली की तोच मजकूर ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. तिथे तो नीट दिसला तर फॉन्ट निर्दोष आहे असे समजून आरेखनाच्या कार्यक्रमाकडे वळावे.

आराखड्यात ‘लोरेम इप्सम’ हा जागा भरण्यापुरता लॅटिन मजकूर भरू नये, हे मी आग्रहाने सांगेन. लॅटिन मजकुरावर बेतलेली मांडणी मराठी मजकूर येताच विसकटते, कारण देवनागरीला वर मात्रा-रफारासाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. ग्राहकाचा मजकूर आलेला नसेल तर मराठी विकिपीडियावरचा एखादा लेख तात्पुरता वापरावा. मेन्यूतील शब्दांसाठी तर खरेच शब्द हवेत : ‘होम’ ची जागा ‘मुख्यपृष्ठ’ घेते आणि ‘कॉन्टॅक्ट’ ची जागा ‘संपर्क साधा’ घेते, तेव्हाच पाच बटणे एका ओळीत बसतात की नाही ते कळते.

फॉन्ट : इथे वेळ खर्च करावा

एखाद्या मराठी संकेतस्थळाच्या देखणेपणातला मोठा वाटा फॉन्टचा असतो, आणि सुदैवाने गेल्या दशकभरात या बाबतीत श्रीमंती आली आहे. सिल ओपन फॉन्ट लायसन्स या परवान्याखाली मिळणारे फॉन्ट व्यावसायिक कामात विनामूल्य वापरता येतात, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतात. फक्त ते फॉन्ट स्वतंत्रपणे विकता येत नाहीत.

मुख्य मजकुरासाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा माझा पहिला पर्याय असतो. त्याची सात वजने, म्हणजे बारीक ते ठळक अशी सात रूपे, मिळतात, त्यामुळे मथळा, उपमथळा आणि मजकूर हे एकाच कुटुंबात निभावते, आणि लहान आकारातही त्याची अक्षरे गुदमरत नाहीत. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘हिंद’ त्याच जातकुळीचा, थोडा अधिक आटोपशीर आहे. बटणे आणि अर्ज यांत तो शोभतो. ‘नोटो सान्स देवनागरी’ आणि ‘नोटो सेरिफ देवनागरी’ यांना व्यक्तिमत्त्व कमी असले तरी जोडाक्षरांचा साठा मोठा आहे, म्हणून पर्यायी फॉन्ट म्हणून ते नेहमी मागे उभे ठेवावेत. प्रकाशक, दिवाळी अंक किंवा साहित्यसंस्था यांच्या कामासाठी ‘टायरो देवनागरी मराठी’ पाहावा. त्याच मालिकेत हिंदी आणि संस्कृत यांच्यासाठी वेगळ्या आवृत्त्या आहेत, यावरूनच तो करणाऱ्यांनी भाषेतील वळणांचा किती विचार केला आहे ते कळते. त्याचे ठळक वजन मात्र नाही, तेव्हा ब्राउझरला कृत्रिम ठळकपणा आणू देऊ नये. मथळ्याला आकार वाढवून वेगळेपण द्यावे. राज्य मराठी विकास संस्थेने प्रसिद्ध केलेला ‘यशोमुद्रा’ हाही संग्रही असावा. मथळ्यांसाठी ‘बलू’, ‘खंड’, ‘तेको’ किंवा मुंबईच्या लोकलच्या स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून सुचलेला ‘यात्रा वन’ वापरता येतो. परंतु ‘यात्रा वन’ मध्ये दोन परिच्छेद लिहिले तर वाचक पुढच्या स्थानकावर उतरून जाईल.

निवड झाली की मांडणीचे काही नियम पाळावेत. मजकुराच्या ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या किमान १.६ पट ठेवावी. इंग्रजीसाठी चालणारी १.४ पट उंची मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार यांची टक्कर घडवून आणते. अक्षरांतर वाढवू नये, कारण तसे केल्यास शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे सुटे दात दिसू लागतात. तिरपे अक्षर टाळावे, कारण बहुतेक देवनागरी फॉन्टना खरी तिरपी आवृत्ती नसते आणि ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून वाकडे करतो. दुव्याखालची रेघ उकारावरून जाते म्हणून ती सीएसएसमधून, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांतून, जराशी खाली सरकवावी. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर दोन्ही कडा सारख्या करण्याचा हट्ट धरू नये. लांब सामासिक शब्दांमुळे ओळीत भगदाडे पडतात.

फॉन्टची फाइल जड असते, कारण तिच्यात शेकडो जोडाक्षरे असतात. तिचे डब्ल्यूओएफएफ-२ या वेबसाठीच्या आटोपशीर स्वरूपात रूपांतर करावे आणि फॉन्टटूल्स या मुक्तस्रोत संचातील ‘पायएफटीसबसेट’ या आज्ञेने अनावश्यक लिप्या काढून टाकाव्यात. ही छाटणी करताना देवनागरी विभागाबरोबर दंड, रुपयाचे चिन्ह, तुटक वर्तुळ आणि दोन अदृश्य चिन्हे, म्हणजे अक्षरे जोडणारे आणि न जोडणारे शून्य-रुंदीचे चिन्ह, राखावीत. ही शेवटची दोन चिन्हे कापली गेली तर काही शब्द नीट आणि काही शब्द मोडलेले दिसतात, आणि त्याचे कारण शोधण्यात अख्खी दुपार जाते.

फॉन्ट गुगलच्या सर्व्हरवरून थेट आणायचे की स्वतः ठेवायचे, हा प्रश्न युरोपातील ग्राहकांच्या बाबतीत कायद्याचाही आहे. जानेवारी २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने, वाचकाची संमती न घेता गुगलवरून फॉन्ट आणल्याने त्याचा आयपी पत्ता गुगलला कळतो, या कारणास्तव एका संकेतस्थळाच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. जर्मनीतील एखाद्या मराठी मंडळाचे काम करत असाल तर फॉन्ट त्यांच्याच सर्व्हरवर ठेवावेत. भारतातील कामातही मी तसेच करतो.

ग्राहकाचा मजकूर युनिकोडमध्ये आणणे

मराठी कामात सर्वांत जास्त वेळ कुठे जातो असे कुणी विचारले तर माझे उत्तर आरेखन किंवा कोड असे नसेल. ग्राहक माहितीपत्रकाची जुनी फाइल देतो, ती श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली असते आणि ब्राउझरमध्ये चिकटवताच तिचे निरर्थक रोमन अक्षरांत रूपांतर होते. या फॉन्टमध्ये अक्षरांचे संकेत प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवले होते, त्यामुळे असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारा परिवर्तक निवडताना फॉन्टचे नेमके नाव ठाऊक असावे लागते. परिवर्तन झाल्यावर दोन जागा डोळ्यांत तेल घालून तपासाव्यात : पहिली वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते त्याप्रमाणे व्यंजनाच्या आधी टंकली जाई आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये वेलांटी व्यंजनानंतर आणि रफाराचा र अक्षराच्या आधी साठवला जातो. परिवर्तकाची चूक याच अदलाबदलीत होते.

केवळ छापील प्रत उपलब्ध असेल तर टेसरॅक्ट हे मुक्तस्रोत साधन मराठी मजकूर चित्रावरून ओळखते. गुगल ड्राइव्हमध्ये चित्र ठेवून ते डॉक्समध्ये उघडले तरीही तेच काम होते. छपाई स्वच्छ असेल तर निकाल समाधानकारक येतो, पण जोडाक्षरे आणि आकडे माणसाने वाचलेच पाहिजेत, विशेषतः दूरध्वनी क्रमांक.

आणखी एक सूक्ष्म बाब आहे. ‘ॲप’ मधले आद्याक्षर एक अखंड अक्षर म्हणून लिहिता येते, किंवा अ वर चंद्र देऊनही लिहिता येते. दिसायला दोन्ही सारखी, पण संगणकाच्या दृष्टीने भिन्न. ‘दऱ्या’ मधला र देखील जुन्या पद्धतीने जोड-चिन्ह वापरून लिहिलेला आढळतो. परिणामी संकेतस्थळावरील शोधचौकटीत ‘ॲसिड’ शोधणाऱ्याला ते पान सापडत नाही. संपूर्ण मजकूर एकाच पद्धतीने लिहिला जाईल असा शोध-आणि-बदल संपादकातून एकदा चालवावा आणि ग्राहकाच्या कर्मचाऱ्यांना इनस्क्रिप्ट किंवा जीबोर्ड यांपैकी एकच कळफलक सुचवावा.

कोड, वर्डप्रेस आणि दुवे

कोड लिहिण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओ कोड, बदलांची नोंद ठेवण्यासाठी गिट, आणि शंका आल्यास मोझिलाचे एमडीएन हे दस्तऐवज, एवढे पुरे आहे. एखादी सोय कोणत्या ब्राउझरमध्ये चालते ते ‘कॅन आय यूज’ वर पाहावे. देवनागरीच्या मांडणीसंबंधी डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणे ठरवणाऱ्या संस्थेने भारतीय लिप्यांच्या गरजांचे दस्तऐवज प्रसिद्ध केले आहेत. तेही एकदा तरी वाचून काढावेत.

ग्राहकाला स्वतः मजकूर बदलायचा नसेल, म्हणजे पाचसहा पानांचे परिचयात्मक काम असेल, तर साधी स्थिर पाने लिहून ती क्लाउडफ्लेअर पेजेस किंवा नेटलिफाय यांवर ठेवावीत. छोट्या कामाला त्यांची विनामूल्य योजना पुरते आणि हॅकिंगची चिंता जवळजवळ संपते. बातम्या, पुस्तके किंवा उत्पादने वारंवार बदलणार असतील तर वर्डप्रेस घ्यावे. २००३ पासून चालत आलेल्या या मुक्तस्रोत प्रणालीवर जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे चालतात, त्यामुळे उद्या आपण उपलब्ध नसलो तरी ग्राहकाला दुसरा माणूस गावातच मिळतो. तिचा प्रशासकीय भाग मराठीतही उपलब्ध आहे.

वर्डप्रेसमध्ये मराठी मथळ्यावरून आपोआप बनणारा दुवा मात्र हाताने बदलावा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह दुव्यात नऊ रोमन वर्णांनी लिहिले जाते आणि वर्डप्रेस दुव्याचा हा भाग २०० वर्णांपाशी तोडते. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हे उरतात. ‘कोकणातील हापूस आंब्याची पारंपरिक लागवड’ या मथळ्याचा दुवा अर्ध्यात तुटतो आणि व्हॉट्सॲपवर तीन ओळींची टक्केचिन्हे बनून जातो. रोमन लिपीत दोनतीन शब्दांचा दुवा लिहावा. मथळा मराठीतच राहतो आणि गुगलला मजकुराची भाषा पानावरून कळतेच.

‘.भारत’ हे देवनागरीतील डोमेन २०१४ पासून मिळते. ते घेण्याची हौस समजण्यासारखी आहे, परंतु काही अर्ज आणि ईमेल प्रणाली अशा पत्त्यांना आजही नाकारतात. म्हणून मुख्य पत्ता रोमन लिपीत ठेवून देवनागरी पत्ता त्याच्याकडे वळवावा, असा माझा सल्ला आहे.

सुपूर्द करण्यापूर्वीची तपासणी

पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या विनामूल्य साधनात पत्ता टाकला की तीन आकडे पाहावेत : मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बटण दाबल्यावरचा प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत यावा आणि मांडणी सरकण्याचा गुणांक ०.१ पेक्षा कमी असावा. मराठी पानांत तिसरा आकडा बहुधा फॉन्टमुळे बिघडतो, कारण आधी फोनचा स्वतःचा फॉन्ट दिसतो आणि आपला फॉन्ट येताच ओळी खालीवर होतात. त्यावर उपाय म्हणजे मुख्य वजनाची एकच फाइल आधी मागवणे आणि पर्यायी फॉन्टचा आकार सीएसएसमधून जुळवून घेणे. छायाचित्रे स्क्वूश या ब्राउझरमधील साधनातून वेबपी किंवा एव्हीआयएफ स्वरूपात आणावीत. आंब्याच्या पेटीचा कॅमेऱ्यातून थेट आलेला आठ मेगाबाइटचा फोटो चढवण्याचा मोह ग्राहकाला होतोच, तेव्हा आकार आपोआप कमी करणारे प्लगइन बसवून ठेवावे.

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगांचा विरोध डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या मार्गदर्शिकेतील निकषानुसार साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावा, देवनागरीच्या बारीक वजनांत तर याहून जास्त ठेवावा. पडदावाचकाची चाचणी एनव्हीडीए या विनामूल्य कार्यक्रमाने घेता येते. त्याच्याबरोबर येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो, यंत्रासारखा का होईना. आणि सगळ्यांत शेवटी, पाचसहा वर्षे जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन हाताशी ठेवावा. कोणतेही आभासी साधन त्याची बरोबरी करू शकत नाही.

करार, हक्क आणि पैसे

येथे माझी एक जुनी चूक सांगतो. सुरुवातीच्या एका कामात डोमेन मी माझ्याच नावावर घेतले. ग्राहकाने नंतर दुसरा डिझायनर नेमला आणि हस्तांतरणाच्या घोळात दोघांचेही तीन आठवडे गेले. तेव्हापासून डोमेन, होस्टिंग आणि ईमेल ही तिन्ही खाती ग्राहकाच्या नावाने, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्याच कार्डाने उघडली जातात. पासवर्ड बिटवॉर्डनसारख्या तिजोरीतून दिले जातात, व्हॉट्सॲपवर नव्हे.

हक्कांबाबत बहुतेक ग्राहकांचा समज असा असतो की पैसे दिले म्हणजे सर्व काही आपले झाले. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे नोकरीत नसलेल्या व्यक्तीने केलेल्या संकेतस्थळाचा आणि कोडचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो करणाराच असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. म्हणून करारात ‘संपूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क कायमचे आणि जगभरासाठी हस्तांतरित होतील’ असे वाक्य घालावे. त्याने ग्राहकही निश्चिंत होतो आणि शेवटचा हप्ताही वेळेवर येतो. छायाचित्रे विकिमीडिया कॉमन्सवरून घेतली असतील तर प्रत्येकाचा परवाना आणि श्रेयनामे एका तक्त्यात नोंदवून ती यादी ग्राहकाला द्यावी.

रक्कम तीन टप्प्यांत मागावी, त्यांतला पहिला टप्पा काम सुरू करण्यापूर्वी. मजकूर देण्याची अंतिम तारीख आणि विनामूल्य दुरुस्त्यांच्या फेऱ्यांची संख्या कोटेशनमध्येच लिहावी. बिलांसाठी झोहो इनव्हॉइस विनामूल्य आहे, आणि लिब्रेऑफिसमधील साधा तक्ताही चालतो. ग्राहक कंपनी असेल आणि वर्षभरातील रक्कम ५०,००० रुपयांपलीकडे गेली तर ती टीडीएस कापते : सेवा व्यावसायिक धरल्यास १० टक्के, तांत्रिक धरल्यास २ टक्के. ही कपात आपल्या पॅनवर जमा झाली का ते आयकर खात्याच्या पोर्टलवर दर तिमाहीला पाहावे. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्यास जीएसटी नोंदणी लागते. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसायकरही भरावा लागतो, हे अनेकांना नोटीस आल्यावरच कळते. परदेशी ग्राहकांकडून येणारी रक्कम आणि अंदाजित उत्पन्नावरील करआकारणी या दोन्ही बाबी सीएला विचारूनच ठरवाव्यात.

छोट्या उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनामूल्य आणि ऑनलाइन आहे. काम घेण्यापूर्वीच ती करून ठेवावी आणि बिलावर तिचा क्रमांक छापावा. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग (एमएसएमई) विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते, आणि सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. प्रत्यक्षात अर्जापर्यंत वेळ क्वचितच येते. थकलेल्या बिलाच्या स्मरणपत्रात या तरतुदीचा एका ओळीत उल्लेख केला, की ‘साहेब गावाला गेले आहेत’ हे उत्तर बहुतेक वेळा पुन्हा ऐकू येत नाही.